इद्वाल विचारतो

फेब्रुवारी सरता सरता
इद्वाल प्रॉसर कात्री घेऊन वाकतो.
बाहेर तोंड केलेला डोळा शोधायचा,
त्याच्या जरा वर, तिरका काप.
पाणी निथळलं पाहिजे, साचलं की कूज.
वेल्सच्या खाणीत तीस वर्षं पाटीचा दगड सोलला,
हात अजून तसाच बेतानं चालतो.

गुलाब तेगवेननं लावलेला.
नारिंगी म्हणतात, पण नीट पाहिलं तर
कडेला जर्दाळू, आत निखारा,
विझायच्या जरा आधीचा.
आणि वास?
ते त्याला विचारू नका.
दोन हिवाळ्यांमागच्या तापात नाक गेलं, ते गेलंच.

म्हणून तोच विचारत सुटतो.
पोस्टवाली म्हणाली, चहा, बिनदुधाचा.
शेजारचा एमरिस म्हणाला, लवंग असावी.
त्याच्या नातीनं फुलात नाक खुपसलं, शिंकली,
म्हणाली, मुरंब्याच्या बरणीचं झाकण!
सगळं तो खडूनं पाटीच्या तुकड्यावर लिहितो.
पाऊस पुसतो. तो पुन्हा लिहितो.

जूनमध्ये पानांवर काळे ठिपके आले.
ठिपक्यांची पानं खुडली, जाळली,
बुंध्यापासून वीतभर लांब घोड्याची लीद पसरली,
मावा अंगठ्यानं चिरडला.
"एवढं करून तुझ्या पदरात काय?"
एमरिसनं विचारलंच एकदा.

इद्वाल फुलाकडे बघतच नव्हता.
वाकलेल्या एमरिसचे डोळे
आपोआप मिटले होते,
तेवढंच बघत होता.

"अजून एकदा घे," म्हणाला,
"या वेळी सावकाश."