तीन खिळे

कुताइसीत, रिओनीच्या पुलापासून चौथं दुकान.
नाझिब्रोलाकडे शिवण शिकायला गेलो
त्या दिवशी तिनं सुई नाही दाखवली,
भिंतीतले तीन खिळे दाखवले.

एकावर कापायचं, एकावर शिवायचं,
एकावर गिऱ्हाइकाची वाट बघत लटकलेलं.
बाकी सगळं पेटीत. झाकण बंद.
"चौथा खिळा ठोकलास
तर हातोडीसकट बाहेर काढीन."

लग्नाच्या दिवसांत पेटीचं झाकण बसेना,
मग मी त्यावर बसायचो.
बायका दारात, सगळ्यांनाच शनिवारी हवं,
आणि ही एकच बाही धरून, ओठांत टाचण्या,
हूं नाही की चूं नाही.
एक धड झाल्याशिवाय
दुसऱ्या चिंधीला हात नाही.

रात्री दिवा मालवण्याआधी वही.
डोक्यात वळवळतं ते सगळं उतरवायचं:
अस्तर संपलं. छपराचा पत्रा वाजतो.
दाताच्या डॉक्टरचे वीस लारी.
"वही जागी राहते," ती म्हणायची,
"म्हणून मी घोरते."

महिना बदलला की नवं पान.
उरलेलं जुन्यावरून उतरवायचं, ते काम माझं.
तेव्हा लक्षात आलं,
पत्रा ठोकून झाला, दात निघाला,
एक ओळ मात्र आहे तिथंच:
जुम्बेरशी बोलणे.

जुम्बेर तिचा भाऊ. बातुमीला असतो.
अक्रोडाच्या दोन झाडांवरून
अकरा वर्षं.
म्हणजे एकशे बत्तीस वेळा
ही ओळ कुणी ना कुणी
नीट, सुवाच्य लिहिली होती.

मी भीत भीत विचारलं,
"यात पहिल्यांदा हात कुठं घालायचा?"
तिनं रागानं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.
नियम तिचाच होता:
'कोट शिवणे' असं लिहायचं नाही कधी,
'खांद्याचं माप घेणे' लिहायचं.
कोट छातीवर बसतो,
मापाला काय, टेप लागते नुसती.

तिनं ओळ खोडली. खाली लिहिलं:
निळ्या डब्यातून नंबर काढणे.

डब्यात बटणं, एक अंगुस्तान
आणि आईच्या अक्षरातला कागद.
आकडे मोजले. दोघांनी. पुन्हा मोजले.
दोन कमी भरले.
मधल्या काळात नंबरसुद्धा
लांब झाले होते.

मला वाटलं, संपलं.
तिनं वही ओढली, लिहिलं:
पोस्टात विचारणे, कुठले दोन वाढले.
मधल्या खिळ्यावरचा अर्धा कोट पेटीत कोंबला,
त्या जागी ती ओळ फाडून टोचली,
आणि भर गिऱ्हाइकीत
दुकान माझ्यावर टाकून निघाली,
चष्मा विसरून.

मी झाकणावर बसलो.
फटीतून कोटाची एक बाही बाहेर राहिली होती.
राहू दिली.