कळणा

अमळनेरच्या कॉलेजातून पत्र आलंय :
'यशस्वी उद्योजिका ज्योत्स्ना बोरसे यांचे
पाच कानमंत्र. वेळ वीस मिनिटे.'
वीस मिनिटांत पायलीभर दादर
नीट पाखडूनही होत नाही.

तरी बसलेय. गोडाऊनमध्ये, गोण्यांवर,
उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर.
मे महिना. पत्रा तापून टिकटिक वाजतोय.
'एक' असं लिहिलं
आणि खोडलं.

सुरुवात सांगावी, तर ती माझी नाहीच.
रज्जाकभाई पिंजारींची गिरणी
दुपारी दोन ते चार रिकामी असायची.
'भाडं राहू द्या,' ते म्हणाले, 'लाइट बिल तेवढं भरा.
आणि उडीद दळून झाला की दगड झाडून द्या,
मागून येणाऱ्या गव्हाला वास लागतो.'
मागून येणाऱ्याचा विचार
मी तिथं शिकले, हातात झाडू घेऊन.

तीन वाटे दादर, एक वाटा सालीचा उडीद,
मीठ अंदाजानं.
तो अंदाज पाकिटात काही भरता येईना.
पहिली चाळीस पाकिटं पुण्याहून परत आली,
एकीत चिठ्ठी : 'थापताना फाटते.'
मी चाळीसही फोडली, थापत बसले.
सासूबाई दारातून म्हणाल्या, 'व्हई जाई, माय,'
आणि फाटलेल्या भाकऱ्या गाईला घालत राहिल्या.
एकोणतिसावी फाटली नाही.
पीठ आधीपासून बरोबर होतं.
पाणी कोमट लागतं,
हे पाकिटावर लिहायचं राहिलं होतं.
आमच्याकडं ते कुणाला सांगावं लागत नाही,
म्हणून सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.

नंतर पुण्याचा एक मुलगा स्क्रीनवर आला.
'मॅम, स्केल कसं करणार?'
मी तराजूकडं बघितलं.
तो हसला नाही, एवढं चांगलं.
त्याच्या पैशाला मी नाही म्हटलं,
आणि आता लोक त्याला दूरदृष्टी म्हणतात.
खरं सांगू? कागदावरचे शब्द कळले नव्हते
आणि विचारायची लाज वाटली.
ती लाज किती लाखांना पडली
हे छाजेड सीएंनी एकदा हिशोब करून दाखवलं.
मी चहा पुढं केला.

हे कॉलेजात सांगायचं का?

आणि सुमित्रा पावरा.
सातपुड्याच्या पायथ्याची, सहा वर्षं माझ्याकडं.
दिवाळीनंतर म्हणाली, 'ताई, आता मी माझं करते.'
चोपड्याला तिनं आमचंच पीठ आणलं,
आमच्यासारखंच पाकीट, फक्त हिरवं.
तीन रात्री मी तिला मनातल्या मनात
कोर्टात उभं केलं.
चौथ्या दिवशी बसनं चोपड्याला गेले,
चोरासारखं एक पाकीट विकत घेतलं,
घरी येऊन भाकरी टाकली.

माझ्यापेक्षा चांगली होती.
उडदात तिनं मेथीचे चार दाणे घातले होते.

फोन केला. 'हे कधी सुचलं गं?'
'पहिल्याच वर्षी, ताई.
तुम्ही विचारलं नाही.'

सहा वर्षं ती माझ्या डाव्या हाताला उभी होती.
मी तिला पगार दिला, बोनस दिला,
तिच्या पोराच्या वह्या दिल्या.
एवढं एक द्यायचं राहिलं.

गिऱ्हाईक विचारतं, कळणा म्हणजे काय हो?
मी सांगते, ज्वारी आणि उडीद.
दुसरा अर्थ सांगत नाही.
तो मलाच उशिरा लागला.

कॉलेजला उत्तर लिहिलंय :
येते. पण वीस मिनिटं मला नकोत, दहा पुरेत.
उरलेली चोपड्याहून येणाऱ्या बाईंना द्या.
बॅनरवर त्यांचं नाव वर घाला.
माइक नसला तरी चालेल, शेगडी आणि तवा हवा.
आणि आम्ही पोचायच्या आत
पाणी तेवढं कोमट करून ठेवा.