कूलर, कॉलरच्या भावात

चन्नवीरच्या दुकानात कूलरवर चिठ्ठी: आठ हजार चारशे.
मला ती रुपयांत वाचता येत नाही.
एका कॉलरीला साडेतीन,
म्हणजे दोन हजार चारशे कॉलरी,
म्हणजे गणवेशाचे वीस दिवस,
मान खाली घालून.

श्रावंती बारावीला आहे, अर्थशास्त्र घेतलंय.
म्हणते, अम्मा, खरा खर्च हा नव्हेच.
या पैशात जे घ्यायचं राहून जाईल, तो खरा.
झालं, राहून जाणाऱ्या गोष्टी
दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या:
तिच्या नायनाची किडकी दाढ,
सेकंडहँड ओव्हरलॉक,
धाकट्याला दोनदा कबूल केलेली सायकल.
एकीनंही तोंड उघडलं नाही.
सवय आहे त्यांना.

आणि जुना पंखा? तीनदा वाइंडिंग केलंय,
बाराशे गेलेत त्यात.
"गेले ना? मग ते धरायचे नाहीत."
कुठल्या पानावर आहे, दाखव म्हटलं.
आमच्यात गेलेलंच जास्त धरतात.

चन्नवीर म्हणाला, आषाढात या, सहा हजारांत देतो.
मागणी पडली की भाव पडतो, त्यालाही ठाऊक,
तो तर बारावी नापास.
पण आषाढात मी कूलर घेऊन काय करू?
शाळा जूनमध्ये उघडतात.
माझ्या कॉलरींचा हंगाम आणि उन्हाचा हंगाम
एकाच पत्र्याखाली भाड्यानं राहतात.

घेतला.
घासाघीस करून दोनशे तोडले,
सत्तावन्न कॉलरी वाचल्या.

अशोक चौकात रिक्षा वळताना
श्रावंतीला पुढचा धडा आठवला: पूरक वस्तू.
गाडी घेतली की पेट्रोल,
कूलर घेतला की पाणी.
मी रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत बसले.
आमच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी,
तेही रात्री दोनला.
तीन पिंपांत चौघांचं सगळं,
आणि आता हा पाचवा,
दिवसाला चाळीस लिटर पिणारा, न कमावणारा.

रात्री पहिली घागर ओतली.
ओल्या भुशाचा वास घरभर.
पुस्तक म्हणतं, पुढच्या प्रत्येक नगाचं समाधान
घटत जातं.
पहिली झुळूक लागली, दुसरी लागली,
कितव्या तरी झुळकीला नायना
दाढेवर हात ठेवून झोपले,
आणि मी कॉलरी मोजायच्या विसरले.

श्रावंती मोठ्यानं पाठ करत होती,
"इतर परिस्थिती स्थिर असताना..."

मी बाहेर जाऊन पिंपात काठी घातली.
पाणी चार बोटं उतरलं होतं.