हिरव्या मुठीची सुरी

सतरा वर्षं एकच सुरी.
पोटात झिजून चंद्रकोर झालेली.
कोंबडीच्या उभ्या सुळक्यावरून ती खाली उतरायची
तेव्हा मनगटाला कळायचं आतलं कुठवर शिजलंय.
सगळ्यात वर मेंढीच्या शेपटीची चरबी,
थेंब थेंब खाली येत सगळ्यांना वाटा देणारी,
मागच्या गल्लीतल्या मांजरांनासुद्धा.

मग अबू ईसांच्या छातीत दोन स्टेंट बसले
आणि त्यांची लुलवा दुकानात आली.
बापाला म्हणाली, तुम्ही आता स्टुलावर.
मला म्हणाली, रफीक, ही घे नवी,
हिरव्या मुठीची.
हिची त्याला लावायची नाही, त्याची हिला नाही.
घ्या! मुहर्रकच्या बाजारात सोवळं-ओवळं,
आणि पाळणारा कोण, तर गुहागरचा सारंग.

(नाव दिलावर. पण मी, मलबारी कुट्टी, सिल्हेटचा मोती मियाँ,
इथे सगळेच रफीक. तक्रार नाही.
रफीक म्हणजे दोस्त.)

दुसरा सुळका उभा राहिला.
सोया, वाटाण्याचं पीठ,
रक्ताच्या जागी बीट.
शिवाय पत्र्याचे डबे, बाहेर हिरवं पान छापलेलं.
पहिला डबा फोडला,
मिठाच्या पाण्यात तुकडे निपचित पडलेले.
एक दाबला. रेषा सुटल्या.
अगं बाई, ही तर कुयरी!

रात्री भावाला फोन.
आपल्या परड्यातले फणस यंदा काय केलेस?
काय करणार, म्हणाला, अर्धे माकडांनी, अर्धे कुजले.
इथे दीड दिनारला एक रोल जातो, म्हटलं.
तो हसला. मग हसायचा थांबला.
मग म्हणाला, दीड दिनार म्हणजे किती रे?
मी सांगितलं नाही. रेंज गेली असं केलं.

वर खोलीत आम्ही सहाजण.
वीस तारखेनंतर मसूर आणि खुबूस,
पंचविसानंतर त्यातला कांदाही गळतो.
याला आरोग्यदायी पर्याय म्हणतात
हे लुलवाच्या फळ्यावर वाचून कळलं.

गिऱ्हाईक बदललं.
विमानतळावरच्या पोरी, टाय सैल केलेले बँकवाले,
दंड मोजणारे जिमचे पोरगे.
आणि एक दिवस समोरचे सोन्याच्या दुकानातले वाडीलालशेठ,
वीस वर्षं नाकाला रुमाल लावून इथून जाणारे.
तीनदा विचारलं, सुरी वेगळी ना?
मी हिरवी मूठ उंच धरून दाखवली.
उभ्यानेच खाल्लं त्यांनी, डोळे मिटून,
हनुवटीवरून लसणाची चटणी ओघळत.
म्हणाले, अच्छा. म्हणजे एवढी वर्षं हा वास होता.
पुन्हा आले ते बायकोला घेऊन.

मांजरांना मात्र पटलेलं नाही.
हुंगतात, आणि माझ्याकडे बघत बसतात,
पगार लांबल्यावर आम्ही मुकादमाकडे बघतो तशी.

काल इशाच्या नमाजनंतर अबू ईसा म्हणाले, एक दे.
चावत राहिले बराच वेळ.
कोंबडी नाही.
नाही, अरबाब.
वाईटही नाही.
लुलवाची गाडी वळणापलीकडे गेली होती.
जुनी सुरी माझ्या हातापासून वीतभर.
मी हात लावला नाही, त्यांनी मागितलं नाही.
दोघेही वरची चरबी वितळताना बघत राहिलो,
गावाला जाणारं विमान बघावं तसे.

सकाळी डबे फोडायच्या आधी
मी हिरव्या सुरीला तेल चोळत होतो.
लुलवा म्हणाली, हे कशाला?
चीक लागतो, म्हटलं. हाताला चिकटला की निघत नाही.
तिने डबा उलटा-सुलटा करून वाचला.
यात चीक नसतो, रफीक.
माहीत आहे, म्हटलं,
आणि पात्याची दुसरी बाजू चोळायला घेतली.