सातचा पाढा

नारीनची शाळा, फेब्रुवारी.
अठरा शिक्षक, अकरा टॅब्लेट.
बुरुलकान एजे शेगडीजवळ, कोट न काढता.

मी म्हणालो, बोट सरकवा.
त्यांनी बाहीनं स्क्रीन पुसली,
फळा पुसतात तशी, वरून खाली.
माझी बाराही पानं भुर्रकन उडाली.
सगळे हसले. त्या नाही.
म्हणाल्या, "मेमध्ये निम्मा वर्ग
मेंढ्यांमागे वरच्या कुरणात जातो.
तिथे रेंज नाही. तिथे हे बोलेल?"

बोलेल. तो लाल गोल दाबा.

डोक्याचा रुमाल सारखा केला,
जणू तपासनीसच आलेत,
आणि म्हटला सातचा पाढा,
सात एके सात ते सात दाही सत्तर, एका दमात.
मग ऐकला.

शेगडीत शेणी तेवढ्या तडतडत होत्या.

"ही मी?"
हो.
"एकतीस वर्षं पोरं हे ऐकतायत?"

पुसा म्हणाल्या. पुसलं.
दुसऱ्यांदा सात चोकपाशी अडल्या.
तिसऱ्यांदा टॅब्लेट मांडीवर घेतला,
डोळे मिटून, हळू,
दर ओळीनंतर जरा थांबत,
चढावर कुणी मागे राहिलंय
तसं.

माझ्या तक्त्यात रकाना होता :
ध्वनिमुद्रण जमले / जमले नाही.
मी खूण केली.

बिश्केकच्या वाटेवर, घाटात,
अहवालासाठी टिपलेला माझा तास लावला.
केवढा भरभर बोलतो मी.
अकराव्या मिनिटाला
बुरुलकान एजे काहीतरी विचारतायत,
आणि मी म्हणतोय,
पुढचं पान.