हात वर

नारायण पेठेत, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर
मी माणसं कापते.
म्हणजे कडेकडेने. केस अवघड जातात,
एखादा कान राहून जातो मागच्या आकाशात.

भाऊंचा वाढदिवस शुक्रवारी.
बारा बाय वीस. मंद हसू, जोडलेले हात,
मनगटावर घड्याळ; मूळ फोटोत तिथं प्लास्टर होतं.
खाली शुभेच्छुकांची चळत,
ज्याने जेवढे दिले तेवढा त्याचा चेहरा.

"मागं गर्दी टाक," झांबरे म्हणाले.
"कुठली?"
"असेल की कुठलीतरी."

होती. स्वारगेटची, माझ्याच मोबाइलमध्ये,
कशाला काढली होती आठवत नाही.
साठेक माणसं, सगळी एकाच दिशेला बघणारी,
त्यात पिवळ्या शर्टातला एक,
हात उंच, तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या.
असा भाविक शोधून सापडत नाही.

साठाची मी नऊशे केली.
काही उलटी फिरवली, काही धूसर.
पिवळा सात वेळा आला.
एकदा त्याला निळा केला, मग जेवायची वेळ झाली.

शुक्रवारी दांडेकर पुलापाशी बोर्ड चढला.
मी बसमधून पाहिला, आणि खरं सांगते,
अंगावर शहारा आला:
केवढी माणसं!
मला, जिने ती मोजून चिकटवली होती.
शेजारची बाई मुलाला म्हणाली,
"एवढे लोक काय उगाच येतात?"
मी तिकिटाची घडी घालत राहिले,
घडीवर घडी, मावेना तोवर.

संध्याकाळी सभेला रस्ता बंद करावा लागला.
ही मात्र खरी गर्दी. बोर्डाएवढी नव्हती,
म्हणून चॅनेलवाल्याने बोर्डच दाखवला,
खाली पट्टी: जनसागर.

परवा तो दिसला. तोच थांबा, तोच शर्ट,
बगलेत रंग उडालेला.
ज्ञानोबा खुटवड, मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलतात.
"भाऊंना ओळखता?"
"कोण भाऊ?"
"नाही, तुमचा फोटो..."
"डोणज्याची गाडी थांबवत नाहीत हो इथं," ते म्हणाले,
माझ्याकडे न बघता, वळणावर डोळे लावून.
"रोजचं आहे हे."

गाडी आली.
त्यांचा हात वर गेला, तोंड उघडलं,
शिरा ताणल्या,
हुबेहूब.
फक्त या वेळी आवाज होता:
ओ मास्तर, थांबवा की!
ओ मास्तर!