नळी क्रमांक एकेचाळीस

ट्रॉम्सोच्या तळघरात
दर तीन महिन्यांनी राग्नवाल्डचं रक्त येतं,
आधी बोटीने, मग विमानाने.
माणूस मी पाहिलेला नाही.

झिजणाऱ्या नसांचे तंतू
रक्तात उतरतात. ते मी मोजते.
सप्टेंबर : एकशे चाळीस.
आकडा मोठा, उतार वेगाचा.

अर्जावर धंदा लिहिलाय : जाळी विणणं.
पाण्यावर सुटे दोरे दिसले की
जाळं किती दिवसांचं सोबती
ते त्याला धक्क्यावरूनच कळायचं म्हणे.

आकडा सांगायचा का, डॉक्टरांनी विचारलं.
चिठ्ठी आली, बायकोच्या अक्षरात :
‘आकडा राहू दे.
जानेवारीत कॉड येतो. तेवढा गाठेन?’

आकड्याला हंगाम कळत नाही.
नळी परत उणे ऐंशीत ठेवताना
सुटत आलेलं लेबल
मी अंगठ्याने दाबून धरते,
जरा जास्तच वेळ.